टेक्श्चरलाही माया सोडावी लागते

मागच्या दिवाळीपासून एकच उद्योग चाललाय माझा, ऑफिसचं काम आटपलं की रात्री साडेनऊ-दहाला लॅपटॉप परत उघडायचा आणि एका पोरीचा फ्रॉक शिवत बसायचं. पोरगी खरी नाहीये, सिम्स ४ मधली आहे, आणि फ्रॉक खणाचा आहे. आमच्या घरात यावर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या विषयावरसुद्धा झाली नसेल (बरंच आहे म्हणा).

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिम्स म्हणजे माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, लग्नं लावायची, भांडणं बघायची, असा गेम. पहिला सिम्स आला २००० साली, चौथा आला २०१४ साली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा बेस गेम फुकट झाला, तेव्हा माझ्यासारख्या फुकट्या लोकांची सोय झाली. त्यात कपडे भरपूर आहेत. २०२१ मध्ये तर मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवरून एक अख्खं किट काढलं त्यांनी, फॅशन स्ट्रीट नावाचं. पण खण कुठून असणार त्यात. मला माझ्या सिम कुटुंबातल्या धाकटीला खणाचं काहीतरी घालायचं होतं, आणि गेममध्ये जे नाही ते लोक स्वतः बनवतात, त्याला कस्टम कंटेंट म्हणतात, सगळे नुसतं सीसी म्हणतात. म्हटलं आपणही बनवू, रंगच तर बदलायचाय.

रंगच तर बदलायचाय. हे वाक्य मी कुठेतरी लिहून भिंतीवर लावणार आहे.

तर पद्धत अशी. सिम्स ४ स्टुडिओ म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गेममधला एखादा कपडा निवडायचा, त्याची स्टँडअलोन कॉपी करायची म्हणजे मूळ कपडा तसाच राहतो आणि तुमचा वेगळा येतो, ओव्हरराइड केलं तर मूळच बदलतं, ते नवीन माणसाने करू नये. मग त्या कपड्याचं टेक्श्चर एक्स्पोर्ट करायचं, ते एक साधं चित्र असतं, गिंप किंवा फोटोशॉपमध्ये उघडायचं, रंगवायचं, परत इम्पोर्ट करायचं, पॅकेज फाइल सेव्ह करून गेमच्या मॉड्स फोल्डरमध्ये टाकायची, लोकांनी बनवलेल्या गोष्टी तिथेच ठेवतात. झालं. पाच मिनिटांचे व्हिडिओ आहेत यावर. त्या पाच मिनिटांनी मला पाच महिने कामाला लावलं.

चित्र उघडलं की पहिला धक्का बसतो. १०२४ बाय २०४८ पिक्सेलचं उभं चित्र, आणि त्यात फ्रॉक दिसतच नाही. दिसतात ते तुकडे. पुढची बाजू एकीकडे, पाठ दुसरीकडे, बाह्या सोलून पसरवल्यासारख्या, आणि बाकी सगळी जागा रिकामी. म्हणजे अख्ख्या माणसाची कातडी सोलून खुंटीला वाळत घातल्यासारखं काहीतरी. याला यूव्ही मॅप म्हणतात. थ्रीडी अंगावरचा कुठला भाग या सपाट चित्रावर कुठे येतो त्याचा नकाशा. आणि गंमत अशी की हे एकच चित्र सगळ्यांचं मिळून आहे, टॉप, पँट, बूट, मोजे सगळ्यांच्या जागा त्यातच ठरलेल्या, गेम सिमच्या कातडीवर हे सगळं एकावर एक चिकटवतो आणि एकच चित्र करून अंगावर चढवतो. तुम्ही रिकामी ठेवलेली जागा पारदर्शक असते, तिथून खालची कातडी दिसते.

मी हे घेऊन डोकं खाजवत बसले होते तेव्हा आई मागून जात होती, हातात कुणाच्या तरी ब्लाउजचं अस्तर. आई शिवणकाम करते, आमच्या इचलकरंजीत मागाचा आवाज नाही असा दिवस जात नाही आणि शिलाई मशिनचा आवाज नाही असा दिवस आमच्या घरात जात नाही. ती थांबली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "हे कटिंग आहे की."

म्हटलं कटिंग नाही गं, यूव्ही मॅप.

"ते काय असंल ते. हा पुढचा भाग, ही पाठ, ही बाही. मुंढा इथं आलाय बघ. पण कशावर बेतलंय हे, वेडंवाकडंच आहे."

आणि निघून गेली. मी पुढचा तासभर त्याच चित्राकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा ते दिसायला लागलं. मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती गोलाई, खरंच तिथे होता.

आता खणाबद्दल. खण म्हणजे ते चोळीचं कापड, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं, आमच्याकडे ओटीत घालतात ते. बारीक बुट्टी, दोन्हीकडे काठ. पण खणाची खरी ओळख बुट्टी नाही, त्याचा रंग. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे कापड हलवलं की हिरव्यातून जांभळं डोकावतं. आणि टेक्श्चरमध्ये नेमकं हेच येत नाही. चित्र म्हणजे चित्र, ते एका पिक्सेलला एकच रंग देतं, सिम वळला म्हणून बदलत नाही.

मी आधी कापडाचा मोबाइलवर फोटो काढला, तो एका बाजूला पिवळा आणि एका बाजूला निळसर आला कारण वर ट्यूबलाइट आणि खिडकी दोन्ही. मग घरच्या प्रिंटरच्या स्कॅनरवर खण ठेवून स्कॅन केला. रंग एकसारखा आला, बुट्टी स्पष्ट आली, आणि झळाळी मेली. पूर्ण मेली. खणाऐवजी हिरवट करडं पोतं. कारण स्कॅनरचा उजेड एकाच कोनातून येतो. तरी तोच घेतला, त्यातला एक नीट जोडता येईल असा चौकोन काढून पॅटर्न बनवला आणि फ्रॉकच्या आकारावर ओतला आणि गेममध्ये बघितलं.

काय बघितलं ते सांगते. एक पोरगी, तिच्या अंगावर एक चपटा हिरवा कागद, आणि कागदावर मुंग्या. बुट्टी खऱ्या खणाच्या प्रमाणात ठेवली होती ना मी, इमानदारीत, तर ती एवढ्या छोट्या जागेत दोन-तीन पिक्सेलची झाली आणि कॅमेरा जरा लांब गेला की सगळ्या बुट्ट्या वळवळायला लागायच्या. त्यात भर म्हणजे गेम टेक्श्चर दाबून ठेवतो, म्हणजे कॉम्प्रेस करतो. त्याचं तंत्र मी नंतर वाचलं ते असं, की चित्राचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात मुळात दोनच रंग साठवतात, मधले दोन त्यांच्यातूनच काढतात. म्हणजे हिरव्यावर सोनेरी बुट्टी असेल तर ठीक, दोन रंग आहेत, जमतं. पण तिथेच काठाचा लाल आला की एका चौकोनात तीन भिन्न रंग झाले, मग कुणाचातरी चिखल होतो. माझ्या काठाच्या कडेला सगळीकडे असा चिखल होता आणि मी आधी आठवडाभर माझ्या ब्रशला दोष देत होते.

यावर उपाय काय तर बुट्टी तिप्पट मोठी केली. आई म्हणाली एवढी बुट्टी खणाला असते होय? नसते. पण या गेममध्ये सगळ्याच गोष्टी जरा ठळक असतात, केससुद्धा मातीचे केल्यासारखे असतात, त्याच्या शेजारी खराखुरा फोटोतला कपडा ठेवला की तो कपडा परका वाटतो. सीसीवाल्यांमध्ये यावरून दोन गट आहेत, एक मॅक्सिस मॅचवाले (मॅक्सिस म्हणजे सिम्स बनवणारी कंपनी) म्हणजे गेमच्या शैलीला जुळणारं करा म्हणणारे आणि दुसरे अल्फावाले, त्यांना प्रत्येक केस आणि धागा खरा हवा असतो. मी पहिल्या गटातली. खोटी बुट्टी पण खणासारखी दिसणारी, मला हे जास्त खरं वाटतं. आणि काठाला बुट्टीपासून थोडं लांब ठेवलं, मध्ये साध्या हिरव्याची बारीक पट्टी सोडली, की चिखल बराच कमी होतो.

झळाळीचं मात्र खूप दिवस जमेना. सिम्स ४ मध्ये प्रत्येक कपड्याला एकच चित्र नसतं, रंगाचं मुख्य एक, त्याशिवाय सावलीचं एक, चमक किती ते सांगणारं एक, त्याला स्पेक्युलर म्हणतात, आणि उंचसखल दाखवणारं एक, बंप म्हणतात. मला वाटलं चमक म्हणजे स्पेक्युलर, तर तिथे पांढरं वाढवूया. जेवढं पांढरं तेवढी चकाकी. वाढवलं. पोरगी प्लास्टिकच्या मेणकापडात गुंडाळल्यासारखी दिसायला लागली, टेबलावर टाकतो ना ते. ते चमकणं म्हणजे उजेडाचं चमकणं आहे, खणाची दुरंगी त्यातून येत नाही. ती शेवटी हातानेच रंगवावी लागली. म्हणजे उभ्या धाग्याचा रंग हा मूळ धरला आणि जिथे जिथे कापड फुगतं, खांद्यावर, बाहीच्या फुग्यावर, घेराच्या घडीच्या माथ्यावर, तिथे मऊ ब्रशने आडव्या धाग्याचा जांभळा हलकासा चढवला, आणि घडीच्या आत तो पुसून टाकला. सिम वळली तरी जांभळं जागचं हलत नाही, पण डोळ्याला चालतं. स्पेक्युलर परत जवळजवळ काळं केलं.

या सगळ्यात एक युक्ती कुणीतरी आधी सांगितली असती तर माझा पंधरवडा वाचला असता, म्हणून इथे लिहून ठेवते. मूळ कपडा एक्स्पोर्ट करताना पांढरा किंवा सगळ्यात फिका स्वॉच निवडा. स्वॉच म्हणजे त्याच कपड्याचे वेगवेगळे रंग, गोल टिकल्या असतात ना त्या. या गेममध्ये घड्या आणि सावल्या बऱ्याचशा रंगाच्या चित्रातच रंगवलेल्या असतात. पांढऱ्या फ्रॉकमध्ये त्या राखाडी दिसतात. ते चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून वरच्या लेयरला मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवायचं आणि खाली आपलं कापड, की आयत्या घड्या मिळतात. मी आधी गडद निळ्या स्वॉचवर करत होते आणि माझा खण कायम तीन दिवस न धुतल्यासारखा दिसायचा.

आणि दुसरं म्हणजे भुतं. मूळ फ्रॉकला कमरेला पट्टा होता आणि पुढे बटणं. मी रंगात पट्टा पुसला, बटणं पुसली, खण ओतला, गेममध्ये गेले तर खणाच्या आतून बटणं वर आलेली, उठावदार, रंग नाही नुसता उंचवटा, आणि कमरेवर नसलेल्या पट्ट्याची सावली. कारण बंप आणि सावलीची चित्रं जुनीच होती. ती पण एक्स्पोर्ट करून तेवढा भाग सपाट करावा लागतो. नवीन लोकांचे अर्धे कपडे यावरून ओळखू येतात बघा, टीशर्टमधून खिसा डोकावत असतो.

जुन्या सिम्समध्ये ही कटकट कमी होती असं म्हणणारे लोक आहेत आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. सिम्स ३ मध्ये, २००९ चा तो, गेममध्येच रंगाचं चाक होतं, कपड्याचे लाल-हिरवा-निळा असे भाग पाडून ठेवलेले असायचे आणि खेळणारा स्वतः त्यात हवा तो रंग, हवा तो पॅटर्न भरायचा. खणाचा एक पॅटर्न केला असता तर फ्रॉकला, सोफ्याला, पडद्याला सगळ्याला लागला असता. चौथ्यात ते काढून टाकलं आणि ठरावीक टिकल्या दिल्या. गेम हलका झाला हे खरं, पण मला एका फ्रॉकसाठी हे सगळं करावं लागतंय हेही खरं.

बरं, आता मुद्द्यावर येते, म्हणजे शिलाईवर.

फ्रॉक बऱ्यापैकी जमला होता. एका रविवारी आईला बोलावलं, बघ म्हटलं. कॅमेरा जवळ नेला, पोरीला गोल फिरवलं. आई बघत राहिली, काही बोलली नाही, मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "इथं उसवलंय."

कुठे उसवलंय म्हटलं, गेम आहे तो.

"उसवलंय की. बगलेपासून खाली बघ."

खरंच होतं. कुशीवरून, बगलेपासून कमरेपर्यंत एक बारीक रेघ, कातडीच्या रंगाची. पुढचा तुकडा आणि पाठ जिथे जुळतात तिथे. मी इतके दिवस बघून मला दिसली नव्हती आणि कॅमेरा लांब गेला की तर ती जास्तच ठळक व्हायची. मी लगेच टेक्श्चर उघडून दाखवलं की बघ, मी तर अगदी रेषेपर्यंत रंगवलंय, एक पिक्सेल इकडे तिकडे नाही. मला त्या रेखीवपणाचा अभिमान होता खरं सांगायचं तर.

आई म्हणाली, "रेघेवरच कापलंस? आणि माया?"

ज्यांच्या घरात शिवणकाम नाही त्यांना सांगते, माया म्हणजे शिलाईच्या रेघेबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. अर्धा इंच, पाऊण इंच, जसं गिऱ्हाईक असेल तसं, पोरींच्या कपड्याला जास्त कारण पोरी वाढतात. रेघेवरच कापलं तर शिलाई धरायला काही उरत नाही, उसवतं.

आणि गेममध्ये अगदी हेच होतं. शिलाईपाशी गेम काही रेघेवर नेमका थांबत नाही, तो आजूबाजूचे पिक्सेल मिसळून रंग ठरवतो, आणि लांबून बघताना तर चित्राची छोटी छोटी आवृत्ती वापरतो, तिच्यात शेजारचे चार पिक्सेल एक होऊन जातात. माझ्या रेघेच्या बाहेर पारदर्शक होतं, म्हणजे खाली कातडी. मग रेघेवर निम्मा खण आणि निम्मी कातडी. इंग्रजीत याला पॅडिंग की ब्लीड म्हणतात आणि सगळ्या ट्युटोरियलमध्ये एका ओळीत सांगून टाकलेलं असतं, कडेबाहेर थोडं रंगवा म्हणून, मी ती ओळ दहा वेळा वाचली असेन. डोक्यात शिरली ती आई म्हणाली तेव्हा.

दहा-बारा पिक्सेल माया सोडली. उसवण गेली. मग मला जोर चढला आणि मी सगळीकडेच माया सोडली, बाहीच्या खालीसुद्धा, तर पोरीच्या दंडावर हिरवा पट्टा उमटला, हिरव्या रंगात हात बुडवल्यासारखा. कारण बाहीच्या खाली चित्रात रिकामी जागा नाहीये, हात आहे. हे आईला सांगितल्यावर ती माझ्याकडे जरा दयेनेच बघायला लागली. "काठाला कसली माया? काठ उसवत नाही. बाही काठावर बेतायची, खाली काही सोडायचं नाही." बरोबर आहे, काठ विणतानाच बंद झालेला असतो. म्हणजे नियम एवढाच, जिथे तुकड्याला तुकडा जोडायचाय तिथे माया, जिथे कापड संपून अंग सुरू होतं तिथे नाही.

खालच्या घेराचा काठ हे तर वेगळंच प्रकरण झालं. मी स्कॅनमधला काठ सरळ पट्टीसारखा लावला फ्रॉकच्या खालच्या कडेला. गेममध्ये तो पुढून मध्यभागी नीट आणि कुशीकडे जाताना वर चढलेला, पडद्याची झालर असते तसा. कारण चित्रात घेराची कड सरळ नाहीच, ती वाकडी आहे, अंब्रेला कटसारखी. मग मी एक मोजपट्टी टेक्श्चर केलं, म्हणजे नुसते रंगीत चौकोन आणि प्रत्येकात आकडा, १ पासून पुढे, आणि ते पोरीला घातलं. पोरगी लुडोच्या पटासारखी दिसत होती पण कुठला चौकोन कुठे येतो, कुठे ताणला जातो, पुढचा २३ पाठीच्या कुठल्या आकड्याला भिडतो, सगळं कळलं. आईला हे सगळ्यात जास्त आवडलं, खडूच्या खुणा म्हणाली. मग वॉर्प टूलने काठ वाकवून त्या खुणांवर बसवला. दोन रात्री गेल्या. कुशीवर काठाला काठ जुळला तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली.

एक गोष्ट हरले ते पण सांगते. मला मुळात परकर-पोलकं करायचं होतं, घोट्यापर्यंत. पण टेक्श्चर रंगवून कापड लांब होत नाही. मूळ फ्रॉकचा आकार जेवढा तेवढाच, गुडघ्यापर्यंत. पायावर परकर रंगवून बघितला मी, तर तो तुमानीसारखा दोन पायांना वेगवेगळा चिकटला, आई हसून हसून खाली बसली. लांबी वाढवायची तर मेश, म्हणजे कपड्याचा थ्रीडी आकारच बदलायला हवा, त्यासाठी ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायला हवं. "मग फ्रॉकच म्हण की, हल्ली शिवतातच की खणाचे फ्रॉक, मीच गेल्या महिन्यात चार शिवले." तर फ्रॉक.

कुणी करून बघणार असाल तर बारीकसारीक चार गोष्टी. लेयरवाली मूळ फाइल वेगळी ठेवा, मी एकदा सगळे लेयर एक करून त्यावरच सेव्ह केलं आणि आठवड्याचं काम गेलं. गेमला पॅच आला की तो मॉड्स आपोआप बंद करतो, सेटिंगमध्ये जाऊन परत चालू करून गेम रीस्टार्ट करा, फ्रॉक गायब झाला म्हणून रडू नका. जुनाच थंबनेल दिसत असेल तर लोकलथंबकॅश नावाची फाइल उडवा, ती परत बनते. आणि दुसऱ्याचं टेक्श्चर उचलू नका, विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

फ्रॉक आता तीन रंगांत तयार आहे, हिरवा-जांभळा, लाल-काळा आणि आईच्या हट्टाने आमसुली. परवा शेवटचं म्हणून तिला दाखवला. तिने पुढून बघितलं, कुशी बघितल्या, मान डोलावली, मग म्हणाली पाठ फिरव. फिरवली.

"हुकं कुठायत? हे पोर घालतंय कुठून?"

मी म्हटलं अगं सिम कपडे घालत नाही, गोल गिरकी घेते की बदलतात. तिला ते पटलं नाही. मग पाठीवर मधोमध शिलाईची एक रेघ आणि पाच हुकं, एकेक चार पिक्सेलचं, रात्री एक वाजता रंगवली. कॉम्प्रेशनने त्यातली दोन खाल्ली. आईला अजून सांगितलं नाहीये.